छंद छायाचित्रणाचा : उजेड, चेहरा आणि नाव

प्रस्तुत स्मरणिकेच्या कामास प्रारंभ झाला तेव्हा शाळेच्या जुन्या छायाचित्रांच्या दोन पत्र्याच्या पेट्या आमच्या स्वाधीन करण्यात आल्या. इतिहास शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अशी पेटी म्हणजे दप्तरखानाच. आम्ही मोठ्या उत्सुकतेने बसलो आणि तिसऱ्या दिवशी बरेच खिन्न होऊन उठलो. ओलीने काही छायाचित्रे एकमेकांस चिकटली होती, काहींच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. पण खिन्नतेचे कारण ते नव्हे. उद्घाटने, सत्कार, ध्वजारोहण, १४ एप्रिलची मिरवणूक, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना, वह्यावाटप, असे सारे काही त्या पेट्यांत होते. पुढच्या खुर्च्यांवर विराजमान झालेल्या पाहुण्यांची नावे आम्हांला बहुतेक सर्व सांगता आली. मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी दहांतील आठ जणांची सांगता आली नाहीत. छायाचित्रांच्या पाठी कोऱ्या होत्या.

भोजनगृहात ज्या मावशींच्या हातची भाकरी खाऊन आमच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या बाहेर पडल्या, त्या दोन्ही पेट्यांत मिळून एकदाच सापडल्या. एका स्नेहभोजनाच्या छायाचित्रात त्या अगदी उजव्या कडेला उभ्या आहेत. हातात वरणाची बादली आहे, पळी आहे. चेहरा मात्र निम्माच आला आहे, उरलेला चौकटीबाहेर गेला आहे. मधोमध प्रमुख पाहुणे घास घेत आहेत.

ज्यांनी ही छायाचित्रे काढली त्यांच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. त्यांतील काही तर आम्हीच काढलेली आहेत. दोष हेतूचा नाही, सवयीचा आणि अज्ञानाचा आहे, आणि या दोन्ही गोष्टी शिकून सुधारता येतात. छत्तीस छायाचित्रांचा रोल महिनाभर पुरवून वापरण्याचे दिवस आता सरले. आज आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी कॅमेरा असलेला मोबाइल आहे. म्हणून छंद म्हणून छायाचित्रण करू पाहणाऱ्या आजी-माजी विद्यार्थ्यांसाठी, चुका करीत करीत जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. महागडे साधन लागेल असे यात काहीही नाही.

प्रथम उजेडाचा विचार करू, कारण छायाचित्र हे उजेडानेच घडते. आपले कार्यक्रम सकाळी दहाचे असतात आणि पाहुण्यांच्या कृपेने साडेबाराला सुरू होतात. छायाचित्रासाठी याहून वाईट वेळ नाही. सूर्य डोक्यावर असला की कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो, डोळ्यांच्या खोबणीत मात्र काळोख साठतो. माणूस आजारी दिसतो. अशा वेळी माणसांना उन्हात उभे करू नये. व्हरांड्यात, भिंतीच्या सावलीत किंवा गर्द झाडाखाली आणावे. मात्र सावली सलग असावी. पानांच्या फटींतून कवडसे पडत असतील तर चेहऱ्यावर पांढरे ठिपके उमटतात. सकाळी उन्हे कोवळी असताना आणि सायंकाळी कलती झाल्यावर उजेड बाजूने येतो, तेव्हा चेहऱ्याची ठेवण खुलून दिसते. खोलीत छायाचित्र काढावयाचे असल्यास माणसाला खिडकीशेजारी, खिडकीकडे किंचित वळवून बसवावे. खिडकीला पाठ करून बसविले तर केवळ काळी आकृती हाती लागते.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आपल्या समाजाच्या छायाचित्रांत सर्वांत अधिक बिघडलेली आढळते, म्हणून तिच्याजवळ थोडे थांबू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर माणूस आहे की भिंत, हे मुळात ठाऊक नसते. चौकटीत जे जे येते त्याची सरासरी मध्यम करड्या छटेची आहे असे गृहीत धरून तो उजेड कमी-अधिक करतो. आता आपली वंदना डोळ्यांपुढे आणा. शुभ्र साड्या नेसलेल्या उपासिका, शुभ्र सदऱ्यांतील उपासक, मागे चुन्याची भिंत, वर लख्ख आकाश. चौकटीत सारे पांढरेच पांढरे. कॅमेरा ते करडे करावयास जातो, म्हणजे सबंध दृश्यच काळवंडून टाकतो. साडी करडी होते, भिंत मळकी होते आणि उन्हातान्हात राबलेले सावळे, काळे चेहरे कोळशासारखे होऊन जातात. डोळे, नाक, सुरकुत्या काही ओळखू येत नाही. आमच्या पेट्यांतील निम्म्या चेहऱ्यांची हीच गत झाली आहे. पुष्कळ लोक यावर म्हणतात, आमचा रंगच तसा, फोटो कसा चांगला येणार? हे साफ चूक आहे. रंगाचा काही दोष नाही, मापनाचा आहे.

उपाय अगदी सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक मोबाइलमध्ये तेथे एक चौकोन अथवा वर्तुळ उमटते आणि शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह दिसते. ते चिन्ह बोटाने किंचित वर सरकवावे आणि चेहऱ्यावरचे बारकावे दिसू लागेपर्यंत थांबावे. वेगळा कॅमेरा असेल तर त्यावर अधिक-उणे असे चिन्ह असलेली कळ असते. पांढऱ्या कपड्यांच्या समूहासाठी ती अधिकच्या बाजूस एक घर न्यावी. अलीकडचे मोबाइल आपण होऊन चेहरा ओळखतात हे खरे, तरीही डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. साडीचा पांढरा रंग थोडा अधिक फिकट झाला तरी बिघडत नाही. साडी पुन्हा टिपता येईल. याच्या उलट, काळ्या फळ्यापुढे एकटी मुलगी उभी असेल तर कॅमेरा फळ्याला करडा करण्याच्या नादात तिचा चेहरा भडक पांढरा करील. तेथे सूर्याचे चिन्ह खाली ओढावे.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी छपाईगृहांना एक नमुन्याचे कार्ड पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे आणि तिच्या नावावरून ते 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखले जाई. तिची त्वचा ठीक आली की रंग ठीक आले, असा तो हिशेब होता. कृष्णवर्णीय माणसांचे चेहरे बिघडत राहिले. पुढे लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट उमटत नसल्याची तक्रार केल्यावर फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेले, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. लाकडाची तक्रार ऐकली गेली ती माणसांच्या आधी. यंत्रे कोणाला गृहीत धरून बनविली जातात, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक यंत्रापुढे विचारावा असे आम्हांला वाटते.

त्याच ओघात आणखी एक. आजकालच्या मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत आणि गोरा करून देणारी सोय असते. पुष्कळदा ती आपल्या नकळत सुरूच असते. ती शोधून बंद करावी. आमच्या एका विद्यार्थिनीने ओळखपत्रासाठी पाठविलेल्या छायाचित्रात ती आम्हांलाच ओळखू आली नव्हती. चार वर्षे पहिल्या बाकावर बसलेली मुलगी!

हात स्थिर ठेवण्याचे शास्त्र फार मोठे नाही. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवावीत, भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्यावा, श्वास हलकेच सोडून मग कळ दाबावी. कॅमेऱ्याचे झाकण सेकंदाच्या साठाव्या भागाहून अधिक वेळ उघडे राहिले की हाताचा कंप चित्रात उतरू लागतो, आणि सायंकाळच्या सभागृहात ते तेवढा वेळ उघडे राहतेच. त्यापूर्वी भिंग पुसावे. खिशातील धूळ आणि बोटांचे तेल यांनी जितकी छायाचित्रे धुरकट झाली आहेत तितकी धुक्याने झाली नसतील. धुवून मऊ झालेले सुती कापड पुरते.

अंतराविषयी सांगावयाचे तर पायांनी जवळ जावे. पडद्यावर बोटे फाकवून चित्र मोठे करू नये. तसे केल्याने बहुधा चित्राचा मधला तुकडाच फुगविला जातो आणि तो फुटतो. चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. कोणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे काय, दोरीवर वाळत घातलेले कपडे मागे आले आहेत काय आणि कडेला कोणी अर्धे कापले जात आहे काय, हे पाहण्यास तीन सेकंद लागतात. ती तीन सेकंदे कोणी दिली असती तर आमच्या मावशी पूर्ण आल्या असत्या.

उंचीचे भान याहूनही महत्त्वाचे. मोठी माणसे उभ्याने, वरून खाली रोखून लहान मुलांची छायाचित्रे काढतात. त्यात मुलांची डोकी मोठी, पाय चिमुकले आणि नजर वर लागलेली, याचना करीत असल्यासारखी दिसते. गुडघ्यावर बसावे आणि भिंग मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावे. तेच मूल एकदम बरोबरीचे दिसू लागते. जमिनीवर बसून भाजी निवडणाऱ्या आजीचे छायाचित्र काढताना आपणही जमिनीवर बसावे. गुडघे दुखतात हे आम्ही अनुभवाने जाणतो.

समूहछायाचित्र ही शाळेच्या जीवनातील मोठी घटना. त्यासाठी तीन उंची साधाव्यात: काही जमिनीवर, काही बाकांवर बसलेले, काही मागे उभे. फार जवळून काढल्यास मोबाइलचे रुंद भिंग कडेच्या माणसांना ताणून जाड करते, म्हणून चार पावले मागे सरावे आणि कडांना थोडी जागा सोडावी. एकाच छायाचित्रावर कधीही समाधान मानू नये. चाळीस जणांत कोणाचे तरी डोळे मिटतातच, म्हणून निदान पाच काढावीत. आणि एक विनंती मुख्याध्यापकांना. खुर्च्यांवर कोण बसणार हा प्रश्न दर वर्षी पाहुण्यांच्या बाजूने सुटतो. एखाद्या वर्षी स्वयंपाकघरातील, सफाईचे आणि रखवालीचे काम करणाऱ्या मंडळींना खुर्च्यांवर बसवून आपण मागे उभे राहून पाहावे.

सभागृहातील एक हमखास चूक येथे नोंदविली पाहिजे. मंचावर बाबासाहेबांची काचेच्या चौकटीतील प्रतिमा असते. प्रतिमेला पुष्पहार अर्पण होतो, छायाचित्रकार समोरून झगझगता दिवा उडवितो, आणि चित्रात बाबासाहेबांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा येतो. उजेड ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात उलट बाजूस परततो, हे आपण विज्ञानात शिकतो आणि सभागृहात विसरतो. फ्लॅश बंद करावा, किंवा दोन पावले बाजूला सरून तिरपे उभे राहावे. परावर्तित उजेड दुसरीकडे निघून जातो. वंदना सुरू असताना तर फ्लॅश वर्ज्यच मानावा. भिक्खू आणि उपासक यांच्यामधून मोबाइल घेऊन फिरू नये. आधी एक जागा ठरवून तेथे बसावे आणि तेथून जेवढे मिळेल तेवढेच घ्यावे.

सहलीला आपण लेण्यांवर जातो. तेथे उजेडाचा अभ्यास जितका चांगला होतो तितका कोठेच होत नाही, कारण लेणी जाग्यावरून हलत नाहीत. आपल्यालाच वेळ साधावी लागते. लोणावळ्याजवळची भाजे येथील लेणी पश्चिमाभिमुख आहेत. तेथे सकाळी गेल्यास दर्शनी भाग सावलीत मिळतो आणि दुपार कलल्यावर उन्हे चैत्यगृहाच्या तोंडावर येतात. नाशिकची त्रिरश्मी बुद्धलेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, तेथे थेट ऊन फारसे शिरत नाही. सौम्य, पसरलेला उजेड मिळतो, जो मूर्तींच्या छायाचित्रांसाठी उत्तम. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश उडविण्यास मनाई आहे आणि ती कसोशीने पाळावी. तीव्र प्रकाशाने जुने रंग उडत जातात. शिवाय मोबाइलचा तो दिवा चार-पाच मीटरपलीकडे पोहोचतच नाही, तेव्हा एवढ्या मोठ्या विहारात त्याचा उपयोगही शून्य. स्तूपाचे छायाचित्र घेताना शेजारी एखाद्या विद्यार्थ्याला उभे करावे, म्हणजे पाहणाऱ्यास स्तूपाच्या उंचीची कल्पना येते. मात्र त्याने स्तूपाला टेकू नये, आणि त्यावर चढणे तर दूरच.

लेण्यांतील शिलालेख टिपण्याची एक युक्ती आहे. ब्राह्मी अक्षरे उथळ कोरलेली असतात. त्यांवर समोरून उजेड पडला की दगड सपाट दिसतो आणि अक्षरे हरवतात. उजेड बाजूने, दगडाला घासून जाईल असा असला की अक्षराच्या खाचेत सावली साठते आणि ओळच्या ओळ उठून दिसते. ऊन कलते होईपर्यंत थांबावे, अथवा मित्राला टॉर्च घेऊन बाजूला उभे करावे. अक्षरे स्पष्ट व्हावीत म्हणून त्यांत खडू भरणे, पाणी शिंपडणे, तेल लावणे हे प्रकार कोणी करीत असेल तर त्यास तेथेच थांबवावे.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील अशाच एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराची नोंद आहे. वेणुवासाचा हा मुलगा. चैत्याचे प्रवेशद्वार त्याने घडविले. दुसऱ्या लेखात त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. दोन हजार वर्षे होत आली. नाव, पित्याचे नाव, व्यवसाय, गाव, केलेले काम, इतके सर्व एका ओळीत बसविले आहे. त्या काळी एका सुताराचे नाव दगडात कोरण्याजोगे वाटले. आणि आम्हांला आमच्याच पेटीतील मुलांची नावे कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिणे सुचले नाही. छायाचित्राखालची ओळ कशी असावी, याचा सामीच्या लेखाहून चांगला नमुना आम्ही पाहिलेला नाही.

नावे न लिहिण्याची परंपराही आपल्या देशात आहे, आणि ती कोणी घातली हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जाणले पाहिजे. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये डागेरच्या प्रकाशचित्रणाची घोषणा झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीदेखील. यानंतर थोड्याच काळात कॅमेरा जातींच्या नोंदीकडे वळला. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसविलेल्या आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांच्या संपादकत्वाखाली 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. पानापानावर माणसे आहेत आणि खाली बहुतांशी जात, जमात, प्रदेश. माणसाचे नाव क्वचितच. कोणी एक जण आयुष्यात प्रथमच कॅमेऱ्यापुढे उभा राहिला असेल, त्याला बायको असेल, मुले असतील, काही हरहुन्नर अंगी असेल. ग्रंथात तो एका जातीचा नमुना म्हणून उरला.

आपल्या हातून हेच नकळत घडते. 'गरीब विद्यार्थ्यांना वह्यावाटप करताना मान्यवर' ही ओळ आपण शेकडो वेळा छापली आहे. चित्रात मान्यवर कॅमेऱ्याकडे पाहत असतात, वही दोघांच्या हातात अडकलेली असते आणि मुलाची मान खाली असते. मान्यवरांचे नाव आहे, मुलाचे नाही. मुलाच्या वाट्याला 'गरीब' एवढे विशेषण आले. दात्यांविषयी आम्हांला कृतज्ञताच आहे. पण छायाचित्र घ्यावयाचे तर आठ दिवसांनी घ्यावे, त्याच वहीत गणित सोडविणाऱ्या मुलीचे, आणि तिचे पूर्ण नाव लिहून ते दात्याकडे पाठवावे. आम्ही गेली काही वर्षे असे करून पाहिले आहे. एका दात्याने ते चित्र आपल्या दुकानात लावले. एकाने मात्र देणगी थांबविली, हेही लपवीत नाही.

ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे त्याला आधी विचारावे, हे यातूनच येते. नकार मिळाल्यास हसून मोबाइल खिशात ठेवावा. आजारपण, शोक, स्नान, जेवण अशा वेळी तर न विचारता काढूच नये. घेतल्यानंतर ते चित्र त्या व्यक्तीस दाखवावे आणि शक्य असल्यास त्याची प्रत द्यावी. आपल्या वस्त्यांत आजही अशी वडीलधारी माणसे आहेत ज्यांचे एकमेव छायाचित्र रेशनकार्डावरचे आहे. सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या आजीचे, आजोबांचे एक नीट छायाचित्र, खिडकीच्या उजेडात, डोळ्यांच्या पातळीवरून काढून ते छापून आणणे, हा आम्ही नववीच्या वर्गाला दिलेला गृहपाठ. छापील प्रत पाहून एका आजोबांनी नातवाला विचारले म्हणे, 'हा मीच का?'

राजगृहातील एक प्रसिद्ध छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल. फेब्रुवारी १९३४ मधील आहे. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई, यशवंतराव, भावजय लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहेत. शिवाय घरचा कुत्रा आहे. हे सारे आपण आज ठामपणे सांगू शकतो, कारण त्या चित्राबरोबर महिना, वर्ष, स्थळ आणि प्रत्येकाचे नाव जतन झाले. कुत्र्याचेही झाले; त्याचे नाव टॉबी. पुढे २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. त्यांची छायाचित्रे मोजकीच आहेत, हे लक्षात घेता त्या एका नोंदीचे मोल कळते.

नोंद कशी करावी? छापील प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन दाबून लिहिल्यास पुढच्या बाजूला वळ उठतो आणि शाई कालांतराने फुटते. दिनांक वर्षासह लिहावा. 'मागच्या गॅदरिंगला' असे लिहिणाऱ्यास तेव्हा ते पुरेसे वाटते, पण वीस वर्षांनी ते कोणते गॅदरिंग हे त्यालाही सांगता येत नाही. 'डावीकडून उजवीकडे' म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, हेही एकदा ठरवून घ्यावे. या एका घोटाळ्याने आमच्या पेटीतील दोन भाऊ कायमचे एकमेकांच्या नावाने ओळखले जाऊ लागले होते. मोबाइलमधील चित्रांना स्वतंत्र फोल्डर करून त्याला प्रसंग आणि दिनांक यांचे नाव द्यावे, आणि त्यातच नावांची यादी लिहून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र आकसते, बारकावे गमावते. छापण्यासाठी ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. आमच्या पेट्यांतील सर्वांत जास्त नुकसान त्यांनीच केले, वाळवीने नव्हे.

आणि प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. मेजर रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमण्यात आले. त्याने वर्षानुवर्षे खपून तयार केलेली मोठमोठी तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र लावलेली होती. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. लंडनला पाठविलेल्या त्यांतील पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. गिलने घेतलेली छायाचित्रे मात्र १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली होती. प्रती अनेक हातांत गेल्या होत्या, म्हणून ती टिकली. आपल्या बाबतीत आग लागण्याची गरज नाही. मोबाइल पाण्यात पडणे पुरेसे होते.

या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर पेटीतील काही छायाचित्रे नावांच्या जागा रिकाम्या ठेवून छापली आहेत. त्यांतील पहिले विहिरीच्या खोदकामाचे आहे. बारा मुले घमेली घेऊन ओळीने उभी आहेत. डावीकडून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, तिसऱ्या मुलाच्या सदऱ्याचे वरचे बटण तुटलेले आहे आणि सातव्याने डोक्याला रुमाल बांधला आहे. दुसरे मुलींच्या कबड्डी संघाचे. तिसरे ते स्नेहभोजनाचे, ज्यात मावशी कडेला निम्म्या आल्या आहेत. सर्वजण त्यांना मावशीच म्हणत असल्याने त्यांचे पूर्ण नाव आमच्या हजेरीपटांतही आम्हांला अद्याप मिळालेले नाही. ज्यांना या चेहऱ्यांपैकी कोणाचीही ओळख पटेल त्यांनी नाव, गाव आणि शाळेतील वर्ष लिहून शाळेच्या पत्त्यावर कळवावे. मावशींचे दुसरे एखादे छायाचित्र कोणापाशी असेल, तर त्याची प्रत करून मूळ चित्र सुखरूप परत पाठविण्याची जबाबदारी आमची.